फासे, कात्री आणि सांडलेली शाई: योगायोगातून कविता आणि चित्र करण्याच्या कृती

कोरा कागद समोर आला की हात ओळखीच्या वाटेनेच जातो. कवितेत पाऊस आला की मागोमाग मातीचा वास येतो, चित्रातला डोंगर दरवेळी त्याच कोनात कलतो. ही सवय नुसत्या निश्चयाने सुटत नाही, कारण निश्चय करणारं मनही तेच असतं. म्हणून काही निर्णय मनाच्या हातून काढून फाशाकडे, कात्रीकडे किंवा पाण्यावर पसरणाऱ्या रंगाकडे सोपवायचे. १९१६ पासून झ्युरिकमधल्या ‘डाडा’ या बंडखोर चळवळीतल्या कलावंतांनी आणि पुढे पॅरिसमधल्या, स्वप्न आणि अजाण मनाला महत्त्व देणाऱ्या अतिवास्तववाद्यांनी हे काम मन लावून केलं. त्यांच्या पद्धती जशाच्या तशा मराठीत उचलल्या तर मात्र अडतात. आपलं व्याकरण वेगळं, लिपी वेगळी, हवा वेगळी. पुढच्या कृती मराठीसाठी आणि नाशिकमध्ये सहज मिळणाऱ्या सामानासाठी बेतलेल्या आहेत.

एक गोष्ट आधीच पक्की करा. योगायोग मोकाट सोडला तर नुसता चिखल होतो. काय फाशावर सोडायचं आणि काय आपल्या हातात ठेवायचं, हे फासा टाकण्यापूर्वी कागदावर लिहून काढा. जॉन केज या संगीतकाराने १९५१ मध्ये नाणी उडवून पियानोची दीर्घ रचना केली. पण नाणी हातात घेण्याआधी स्वर, कालावधी आणि आवाजाची पातळी यांचे तक्ते त्याने तयार ठेवले होते. तक्ता तुमचा, कौल नाण्याचा. कौल आवडला नाही म्हणून पुन्हा फासा टाकलात, तर त्या क्षणी जुनी सवय मागच्या दाराने परत आली असं समजा.

कौल कशाने लावायचा

साधा सहा बाजूंचा फासा सगळ्यात सोयीचा. म्हणून याद्या सहाच्या पटीत करा. चिठ्ठ्या वापरणार असाल तर सगळ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या आणि सारख्याच घड्यांच्या हव्यात. जाड किंवा चुरगळलेली चिठ्ठी बोटं दोन-तीन वेळांत ओळखायला लागतात. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची की बाहेर ठेवायची, हेही आधीच ठरवा. परत टाकली तर शब्दांची पुनरावृत्ती होते, बाहेर ठेवली तर डबा रिकामा होताना शेवटच्या ओळी कमी-अधिक ठरूनच गेलेल्या असतात.

कवड्यांचं थोडं वेगळं आहे. कवडी उताणी आणि पालथी सारख्या प्रमाणात पडेलच असं नाही, कारण तिचा आकारच दोन्हीकडून सारखा नाही. एक कवडी ५० वेळा टाकून नोंद करा. कल एका बाजूला दिसला तर ती ‘क्वचित घडावं’ अशा गोष्टीसाठी राखून ठेवा, उदाहरणार्थ ओळ मध्येच तोडायची की नाही. रस्त्यावर उभं राहून आकडे हवे असतील तर नाशिकच्या गाड्यांच्या एमएच १५ च्या पाट्या आहेतच. फक्त एकं स्थानचा आकडा घ्या. पूर्ण क्रमांक घेऊ नका, काही लोक ते पसंतीने निवडतात. आणि ‘मनात येईल तो आकडा’ ही पद्धत अजिबात नको. माणूस बेधडक आकडे सांगतो तेव्हा तो तीन आणि सातकडे झुकतो, शून्य टाळतो.

सहा बाय सहाची शलाका

रामशलाका प्रश्नावली, म्हणजे मनातल्या प्रश्नाला रामचरितमानसातल्या चौपाईने कौल देणारा अक्षरांचा तक्ता, अनेकांच्या ओळखीचा असेल. १५ बाय १५ च्या २२५ घरांत नऊ चौपायांची अक्षरं विणलेली असतात. कोणत्याही घरावर बोट ठेवा, तिथून प्रत्येक नववं अक्षर घेत जा, नऊपैकी एक चौपाई पूर्ण होते. बोट कुठेही पडो, उत्तरं नऊच. आपल्याला याच कल्पनेचा सैल प्रकार हवा आहे, ज्यात वाक्याचा सांगाडा पक्का असेल आणि अर्थ मोकळा.

कागदावर सहा ओळी, सहा स्तंभ आखा. ओळीत एकाच जातीचे शब्द भरायचे: पहिल्या ओळीत वेळ किंवा जागा, दुसरीत विशेषण, तिसरीत कर्ता, चौथीत ‘कसं’, पाचवीत कर्म, सहावीत क्रियापद. प्रत्येक ओळीसाठी एकदा फासा टाका, येईल त्या स्तंभातला शब्द उचला. सहा फाशांत एक वाक्य. एवढ्याशा तक्त्यातून ४६,६५६ वेगवेगळी वाक्यं निघू शकतात.

अडचण येते ती लिंगवचनाची. ‘काळा’ निघाला आणि पुढे ‘शिडी’ आली की वाक्य मोडतं. यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकदम वापरावेत. विशेषणं न बदलणारी घ्या: लबाड, उदास, कडक, जुनाट, बेभान, गरीब. काळा, मोठा, नवा अशी आकारान्त विशेषणं टाळा. कर्ते सगळे एकवचनी ठेवा. आणि क्रियापद भविष्यकाळात घ्या, कारण तृतीय पुरुषी एकवचनात तो जाईल, ती जाईल, ते जाईल हे तिन्हीकडे एकच रूप असतं. भूतकाळ घेतला तर सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे धावतं: कांदा सोलला, काकडी सोलली, केळं सोललं. तिथे शलाका कोसळते. जुन्या गोष्टीचा सूर हवा असेल तर ‘येई, पाही, सांगे’ हा रीतिभूतकाळही चालतो, एकवचनात तोही लिंगाप्रमाणे बदलत नाही.

नमुना म्हणून हा तक्ता घ्या:

१. पहाटे / रामकुंडावर / पाऊस थांबल्यावर / वीज गेल्यावर / बाजार उठल्यावर / परवा
२. लबाड / गरीब / जुनाट / बेभान / कडक / उदास
३. शिलाई मशीन / म्हैस / पुजारी / शिडी / वारा / तांब्या
४. गुपचूप / मोठ्याने / दोन्ही हातांनी / उधारीवर / पुन्हा पुन्हा / न विचारता
५. द्राक्षं / अंधार / वर्तमानपत्र / पत्ता / कांदा / पूल
६. विकेल / सोलेल / मोजेल / गिळेल / धुईल / लपवेल

फासे ३, ६, ४, १, २, २ पडले तर: पाऊस थांबल्यावर उदास शिडी गुपचूप अंधार सोलेल. आणि ५, १, ६, ४, ६, ५ पडले तर: बाजार उठल्यावर लबाड तांब्या उधारीवर पूल धुईल.

तक्ता भरताना होणारी मोठी चूक म्हणजे काव्यमय शब्दांची गर्दी. चंद्र, स्वप्न, मौन, क्षितिज, वेदना हे शब्द कुठेही कसेही जुळतात, म्हणून ते कुठेच ठिणगी पाडत नाहीत. बाजारात विकत मिळणाऱ्या, हाताने धरता येणाऱ्या वस्तू घ्या आणि नेहमीची क्रियापदं घ्या. विचित्रपणा जोडणीतून येऊ द्या, शब्द स्वतः सरळसाधेच असावेत. वीस-तीस वाक्यं काढली की तक्ता ओळखीचा होतो. मग एकच ओळ, शक्यतो तिसरी, पूर्ण बदला.

कात्री

डाडा मंडळींपैकी त्रिस्तान झाराने १९२० मध्ये कवितेची कृतीच लिहून दिली: वर्तमानपत्र घ्या, हव्या त्या लांबीचा लेख निवडा, शब्द सुटे कापा, पिशवीत घालून हलवा, निघतील त्या क्रमाने उतरवा. मराठीत सुटा शब्द कापला की काय होतं ते पाहा. ‘नदीच्या’ हा तुकडा पुढच्या नामाची वाट पाहत लटकतो, ‘घराला’ क्रियापद मागतो. असे दहा तुकडे सलग आले की वाचक थकतो. म्हणून शब्दाऐवजी दोन ते चार शब्दांचे तुकडे कापा आणि ‘नदीच्या’सारखा षष्ठीचा शब्द त्याच्या पुढच्या नामापासून तोडू नका. ‘धरणातून सोडलेलं पाणी’, ‘भाव कोसळले’, ‘इच्छुकांनी संपर्क साधावा’ हे तुकडे स्वतःच्या पायांवर उभे राहतात.

एका कवितेला ४० ते ५० तुकडे पुरतात. ते तीन वेगळ्या सुरांच्या मजकुरातून घ्या: अग्रलेख, कांद्याचे बाजारभाव, राशिभविष्य. एकाच बातमीतून कापलेत तर तुकडे फिरून तीच बातमी सांगतात. छोट्या जाहिराती उत्तम चालतात. निधनवार्ता वगळा, तिथे कोणाचं तरी दुःख ताजं असतं. कापण्यासाठी रद्दीतला अंक आणा. सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणचं पुस्तक हाती असेल तर पान हाताने उतरवून घ्या आणि उतरवलेला कागद कापा.

तुकडे निघतील तसे खाली खाली मांडा. मग दुरुस्तीचा एकच हक्क स्वतःला द्या: लिंगवचनाचा किंवा विभक्तीचा प्रत्यय बदलता येईल, मूळ शब्द आणि क्रम बदलता येणार नाही. एवढ्यावर थांबा. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ घालायचा मोह फार होतो, कारण ते शब्द दोन तुकड्यांमधली पोकळी बुजवतात. ती पोकळी वाचकासाठी आहे.

दुसरी रीत चित्रकार ब्रायन गायसिन आणि लेखक विल्यम बरोज यांनी १९५९ पासून वापरली. मजकुराचं पान उभं आणि आडवं कापून चार तुकडे करा, त्यांच्या जागा बदला, आणि ओळी आरपार वाचा. मराठी वर्तमानपत्राचा स्तंभ अरुंद, ओळीत जेमतेम तीन-चार शब्द, त्यामुळे छापील स्तंभ कापला तर हाती भुसा येतो. मजकूर ए४ कागदावर पूर्ण रुंदीने, दुप्पट अंतराने छापून घ्या. उभा छेद शब्दाच्या मधून जाणारच. अर्धा शब्द समोरच्या अर्ध्याशी जुळून नवा शब्द होत असेल तर ठेवा, नसेल तर दोन्ही अर्धे गाळा. मनाने पूर्ण करू नका.

घडीचं वाक्य

चौघं-पाच जणं असतील तर हा सोपा खेळ. उभ्या कागदावर प्रत्येकाने एक पद लिहायचं, घडी घालून झाकायचं, पुढे द्यायचं. अतिवास्तववाद्यांनी १९२५ च्या सुमारास खेळलेल्या या खेळातलं गाजलेलं फ्रेंच वाक्य ‘सुंदर प्रेत नवी दारू पिईल’ अशा अर्थाचं होतं, आणि तेही भविष्यकाळातच होतं. शलाकेचे व्याकरणाचे नियम इथेही तसेच लागू. हाच खेळ चित्रासाठी, म्हणजे एकाच शरीराचे भाग वेगवेगळ्यांनी काढत, खेळताना घडीच्या रेषेखाली दोन-दोन मिलिमीटर रेघा उतरवून ठेवा, नाहीतर मान आणि धड जुळत नाहीत.

न थांबता लिहिणं

दहा मिनिटांचा गजर लावा, पेन उचलू नका, मागचं वाचू नका. अडखळलात तर काय करायचं, याची युक्ती अतिवास्तववाद्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रतोंने १९२४ मध्ये सांगितली होती: एक ठरलेलं अक्षर लिहायचं आणि पुढचा शब्द त्याच अक्षराने सुरू करायचा. ते अक्षर बसण्यापूर्वी चिठ्ठीने काढा. क, प, स, म यांपैकी असेल तर बरं, ‘ढ’ किंवा ‘झ’ निघालं तर शब्द आठवण्यातच वेळ जातो आणि मन पुन्हा जागं होतं.

देवनागरीत हात खरा अडतो तो शिरोरेघेपाशी. प्रत्येक शब्दानंतर मागे जाऊन रेघ ओढायची म्हणजे दर दोन सेकंदांनी थांबायचं, आणि त्या थांब्यात मन संपादन करून घेतं. मोडी लिहिणारे आधी पूर्ण ओळभर रेघ आखून घेत आणि अक्षरं तिला लटकवत जात. तेच करा. एकेरी रेघांची वही घ्या आणि छापील रेघेलाच शिरोरेघ मानून तिच्या खाली लिहा. ऱ्हस्वदीर्घाकडे पाहू नका, जोडाक्षर मोडलं तरी चालेल. फोनवर हा प्रयोग करू नका. तिथला कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, आणि तो नेमका सगळ्यांत वापरलेला शब्द असतो.

पहिली तीन-चार मिनिटं बहुतेकांची तक्रारी आणि कामांच्या यादीत जातात. ते अपेक्षितच आहे, तो गाळ निघून जाऊ द्या. उपयोगी ओळी साधारण उत्तरार्धात येतात. वीस मिनिटांपुढे हात दुखतो आणि लिखाण पुन्हा गोलगोल फिरायला लागतं.

घासचित्र

अतिवास्तववादी चित्रकार मॅक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फरशीवर कागद ठेवून पेन्सिलीने घासलं आणि उमटलेल्या रेषांतून जंगलं, पक्षी, प्राणी काढले. कृती लहान मुलांच्या नाण्याच्या खेळासारखी दिसते, पण पृष्ठभाग नीट निवडला तर तिची खोली लक्षात येते.

या बाबतीत नाशिक श्रीमंत आहे. पाट्याला टाकी लावल्याच्या खुणा, जुन्या वाड्याच्या जोत्यातला सच्छिद्र काळा दगड, सागवानी दाराची शिरं, तांबट आळीतल्या ठोक्याच्या भांड्यांचा पृष्ठभाग, द्राक्षाच्या पानाची मागची बाजू, कांद्याच्या गोणीची जाळी. पांडवलेणी मात्र केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तिथल्या किंवा कुठल्याही मंदिराच्या कोरीवकामावर कागद घासू नका. दाबाने झिजलेला दगड पुढे ढलपतो. तोच बेसॉल्ट घराच्या पायरीला असतो.

कागद पातळ हवा: झेरॉक्सचा ७० ते ७५ जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) चालतो. पतंगाचा कागद बारीकसारीक पोत उचलतो, पण धारेवर फाटतो, तो फक्त पानासाठी आणि जाळीसाठी वापरा. चारही कोपरे मास्किंग टेपने बसवा. कागद एक मिलिमीटर हलला तरी दुहेरी ठसा येतो. ४बी किंवा ६बी पेन्सिल जवळजवळ आडवी धरा आणि एकाच दिशेने हलके हात मारा. जोर लावला की खोलगट भागही काळे होतात आणि पोत बुडतो. दगड कोरडा असल्याची खात्री करा, पावसाळ्यात जोत्याचा दगड आतून ओल धरतो आणि कागद फुगतो.

आता तो कागद चारही बाजूंनी फिरवून पाहा. काही दिसलं की फक्त दहा रेघा द्या, त्याहून जास्त नाही. हा आकडा आधी ठरलेला असला पाहिजे. मर्यादा नसेल तर दिसलेला पक्षी आपण इतका पूर्ण करतो की दगड शिल्लकच राहत नाही.

दाबून उचललेला रंग

चकचकीत कागद दोन, जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू चालेल. काळा पोस्टर रंग दोन भाग, पाणी एक भाग. एक इंची ब्रशने एका कागदावर मुद्दाम कमी-जास्त जाडीने पसरा, दुसरा कागद ठेवून तळहाताने दाबा, दहा सेकंद थांबा, आणि एका कडेने सावकाश उचला. कागद सुटताना हवा आत शिरते आणि दाट रंग तिच्यापुढे फांद्या फुटल्यासारखा मागे सरकतो. प्रवाळ, दऱ्या, झाडाची मुळं दिसतात ती त्यामुळे. चित्रकार ऑस्कर डोमिंगेझने ही रीत १९३० च्या दशकात अतिवास्तववाद्यांत आणली.

फांद्या कुठे वळणार हे उचलण्याच्या दिशेवर ठरतं, तेव्हा दिशा फाशावर सोडा: १ वरून, २ खालून, ३ डावीकडून, ४ उजवीकडून, ५ आणि ६ आले तर कोपऱ्यातून. रंग पातळ झाला तर नुसते डबके उरतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उलट होतं, रंग अर्ध्या मिनिटात सुकतो आणि कागद चिकटून फाटतात. पंखा बंद करा आणि चमचाभर रंगात औषधांच्या दुकानातलं ग्लिसरीन दोन-तीन थेंब घाला.

पाण्यावरचा रंग

दख्खनला हे तंत्र परकं नाही. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरी, म्हणजे पाण्यावर तरंगवलेला रंग उचललेल्या, कागदातून माणसं आणि घोड्यांची चित्रं घडवली. त्यांची मूळ रीत अवघड आहे, घरी तैलरंगाने सुरुवात करा.

३० बाय ४० सेंटिमीटरचा पसरट ट्रे, त्यात तीन सेंटिमीटर पाणी. प्रत्येक रंगासाठी वेगळ्या वाटीत हरभऱ्याएवढा तैलरंग आणि एक चमचा, म्हणजे ५ मिली, टर्पेंटाइन. गुठळी राहू देऊ नका. ब्रशच्या टोकाने थेंब सोडा. थेंब तळाला गेला तर रंग दाट आहे, टर्पेंटाइन थोडं वाढवा. पसरून दिसेनासा झाला तर पातळ आहे, रंग वाढवा. दुसऱ्या रंगाचा थेंब पहिल्याला बाजूला ढकलतो, म्हणून रंगांचा क्रमही चिठ्ठीने काढण्यासारखा आहे. काडीने एकदाच, फार तर दोनदा रेघ ओढा. ढवळत राहिलात की सगळे रंग मिळून करडे होतात.

१२० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज पेपर दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरा, मधला भाग आधी टेकवा आणि कोपरे हळूच सोडा. सपाट टाकला तर हवेचे बुडबुडे अडकून पांढरे डाग राहतात. पाचेक सेकंदांत उचला, दोरीवर वाळवा. वाळायला एक-दोन दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको, टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. पुढच्या कागदापूर्वी वर्तमानपत्राची पट्टी पाण्यावरून ओढून उरलेली साय काढा. काम संपल्यावरही आधी सगळा रंग असाच टिपून घ्या. तो मोरीत किंवा नाल्यात सोडला तर शेवटी गोदावरीतच जातो. टिपलेले कागद उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा आणि मगच कचऱ्यात टाका. ओले बोळे करून ठेवले तर तेल वाळताना तापतात आणि कधी आपोआप पेटतात.

निवडताना

प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, नियम आणि फाशांचे आकडे लिहा. ते नसतील तर चांगलं निघालेलं पुन्हा कसं काढायचं हे कळत नाही. निवड त्याच दिवशी करू नका, ताज्या कामात गंमतच जास्त दिसते. आठवड्याने सगळं जमिनीवर मांडा आणि वीसमधले दोन-तीनच ठेवा. ‘हे मी ठरवून केलं असतं का?’ असं प्रत्येकाला विचारा. उत्तर हो आलं तर तो कागद बाजूला. उत्तर नाही आलं आणि तरीही नजर तिथेच परत जात असेल, तर तो ठेवा आणि त्याच्यावर पुढचं काम सुरू करा: शलाकेतलं वाक्य कवितेची पहिली ओळ म्हणून घ्या, घासचित्रातली दरी मोठ्या कॅनव्हासवर न्या. घासचित्रं पुसट होऊ नयेत म्हणून मध्ये बटर पेपर घालून आडवी ठेवा, आणि बाद झालेले कागद पुढच्या खेपेच्या कात्रीसाठी वेगळ्या पिशवीत जमवा.